डोलोमाइट स्प्रिंट: सोळा व्हॉल्व्हच्या एका इंग्रज मोटारीचा इतिहास

ब्रिटनमध्ये जुन्या मोटारींच्या खरेदी-विक्रीला वाहिलेली मासिके आहेत, लिलाव आहेत, आणि तेथे येणाऱ्या जाहिरातींची एक ठरलेली भाषा आहे. ट्रायम्फ डोलोमाइट स्प्रिंट ही चार दरवाजांची सलून विकायला निघाली असेल, तर साधारण पुढील गोष्टी आवर्जून सांगितलेल्या असतात. रंग मूळचा मिमोसा, म्हणजे बाभळीच्या फुलासारखा पिवळा. ओव्हरड्राइव्ह चालू स्थितीत. दरवाजांखालचा आणि चाकांवरच्या कमानींचा पत्रा नवा. इंजिनाचे हेड उतरवून नवी गॅस्केट बसवलेली. गाडीच्या पाटीवरचा क्रमांक आणि इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी जुळतात. पुनर्बांधणीच्या काळात काढलेल्या छायाचित्रांची फाइल सोबत मिळेल.

गिऱ्हाइकासाठी हा गुणांचा पाढा असतो. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने मात्र तो साधन म्हणून वाचावा, जसा आपण एखादा ताम्रपट किंवा जमाखर्चाची वही वाचतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या गाडीचे हेड उतरवले हे मुद्दाम का सांगावे लागते? पत्रा नवा असणे ही चांगली गोष्ट की वाईट? आणि क्रमांक जुळतात याला एवढे मोल का? या प्रश्नांमागे एका देशाच्या मोटार उद्योगाची चढती-उतरती कमान आहे. या पाठात आपण ती पाहू. शेवटी थोडे मद्रासलाही जाऊ, कारण या घराण्याची एक शाखा तेथे होती.

घराणे

ट्रायम्फ हे कॉव्हेंट्री शहरातील जुने नाव. डोलोमाइट हे इटलीतील पर्वतरांगेचे नाव या कंपनीने १९३० च्या दशकातच वापरले होते. त्या पहिल्या डोलोमाइटमध्ये एका रांगेत आठ सिलिंडर होते आणि तिचे इंजिन अल्फा रोमिओवरून बेतलेले होते. कंपनीचे तांत्रिक प्रमुख डोनाल्ड हीली १९३५ च्या माँटे कार्लो रॅलीत ती गाडी घेऊन उतरले आणि डेन्मार्कमध्ये रेल्वे फाटकावर आगगाडीने तिला उडवले. हीली बचावले. कंपनी मात्र १९३९ मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे १९४४ मध्ये स्टँडर्ड मोटर कंपनीने ट्रायम्फ विकत घेतली, १९६०-६१ मध्ये ट्रक बनवणाऱ्या लेलँडने स्टँडर्ड-ट्रायम्फ घेतली, आणि १९६८ मध्ये लेलँड व ब्रिटिश मोटर होल्डिंग्ज एकत्र येऊन ब्रिटिश लेलँड हा अवाढव्य समूह तयार झाला. ऑस्टिन, मॉरिस, एमजी, जॅग्वार, रोव्हर, ट्रायम्फ ही सारी नावे आता एकाच छत्राखाली आली. एकाच घरात सहा चुली, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या गाडीची रचना १९६५ च्या ट्रायम्फ १३०० पासून सुरू होते. तिचा आकार तुरिनच्या जोव्हानी मिकेलॉत्ती यांनी आखला होता. १३०० ही पुढच्या चाकांना गती देणारी गाडी होती. पुढे खर्च कमी करण्यासाठी कंपनीने त्याच बॉडीत मागच्या चाकांना गती देणारी साधी रचना बसवली. सारे जग मागून पुढे जात असताना ट्रायम्फ पुढून मागे गेली. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसतात, पण या उलट्या निर्णयामुळेच पुढे स्प्रिंटसारखी जोरदार गाडी शक्य झाली. १९७२ मध्ये १८५० घन सेंटिमीटरची डोलोमाइट बाजारात आली आणि जून १९७३ मध्ये तिची मोठी बहीण, डोलोमाइट स्प्रिंट.

तिरके इंजिन

स्प्रिंटचे इंजिन चार सिलिंडरांचे, पण उभे नव्हे. ते ४५ अंशांत एका बाजूला कललेले आहे. याचे कारण दिसण्यात नाही, कारखान्यात आहे. ट्रायम्फला चार सिलिंडरांचे आणि आठ सिलिंडरांचे अशी दोन इंजिने हवी होती. आठ सिलिंडरांचे व्ही-आकाराचे इंजिन ९० अंशांचे असते. त्याचा अर्धा भाग घेतला की ४५ अंशांत कललेले चार सिलिंडरांचे इंजिन मिळते. दोन्ही इंजिनांचे बरेच यंत्रकाम एकाच यंत्ररांगेवर करता येते. लुइस डॉट्री यांच्या मार्गदर्शनाखाली १९६० च्या दशकात ही कल्पना आकाराला आली. इंजिन कलते असल्याने बॉनेटची उंची कमी ठेवता आली, हा वरचा फायदा.

येथे एक गमतीची नोंद करायला हवी. हे इंजिन सर्वप्रथम ज्या गाडीत बसले ती इंग्रज नव्हतीच. स्वीडनच्या साब कंपनीला आपल्या ९९ या गाडीसाठी इंजिन हवे होते. रिकार्डो या सल्लागार संस्थेच्या मध्यस्थीने ट्रायम्फचे इंजिन साबला मिळाले. ज्या कंपनीने ते आखले तिच्या स्वतःच्या गाडीत ते येईपर्यंत १९७२ उजाडले. तोवर साबने हे इंजिन सुधारून स्वतः बनवायला घेतलेही होते.

चार व्हॉल्व्ह कशासाठी?

इंजिनातून अधिक शक्ती हवी असेल तर त्याला अधिक श्वास घेता आला पाहिजे. सिलिंडरच्या डोक्यावर जागा ठरावीक. तेथे एक मोठा इनलेट व्हॉल्व्ह बसवावा की दोन लहान? उदाहरण करून पाहा. ४० मिलिमीटर व्यासाचा एक व्हॉल्व्ह ८ मिलिमीटर उचलला गेला, तर त्याच्या कडेभोवती वायू जाण्यासाठी जी खिडकी उघडते तिचे क्षेत्रफळ व्यास, पाय आणि उचल यांचा गुणाकार, म्हणजे सुमारे १००५ चौरस मिलिमीटर. आता २८ मिलिमीटरचे दोन व्हॉल्व्ह घ्या. त्यांच्या तोंडांचे एकत्रित क्षेत्रफळ जवळपास तेवढेच भरते, म्हणजे हेडमधील जागा जवळजवळ तेवढीच लागते. पण त्याच उचलीला खिडकी उघडते सुमारे १४०७ चौरस मिलिमीटरची. चाळीस टक्के अधिक. शिवाय लहान व्हॉल्व्ह वजनाला हलका, त्यामुळे वाढत्या वेगात स्प्रिंगला तो सांभाळणे सोपे. आणि चार व्हॉल्व्ह चार कोपऱ्यांत गेले की स्पार्क प्लग बरोबर मध्यभागी बसवता येतो, ज्वाला सर्व बाजूंना सारखी पसरते. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. तत्त्व खरे आहे.

हे ज्ञान नवे नव्हते. १९१२ मध्ये प्यूजोच्या शर्यतीच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि वर दोन कॅमशाफ्ट होते. १९२० च्या दशकातील बेंटलेच्या ३ लिटर गाडीत चार व्हॉल्व्ह एकाच कॅमशाफ्टवर चालत. अडचण खर्चाची होती. दोन कॅमशाफ्ट, त्यांच्या साखळ्या, दुप्पट यंत्रकाम, दुप्पट जुळवणी. हे शर्यतीच्या गाडीला परवडते, शाळामास्तराच्या गाडीला नाही.

ट्रायम्फमधील उत्तर शोधणाऱ्या चमूचे प्रमुख होते चार्ल्स स्पेन्सर किंग, ज्यांना सगळे स्पेन किंग म्हणत. रोव्हर कंपनीत त्यांनी गॅस टर्बाइनच्या मोटारींवर काम केले होते. १९७० ची रेंज रोव्हर हे त्यांचेच काम. त्यांच्या चमूने एकच कॅमशाफ्ट ठेवला आणि त्यावर आठच कॅम. प्रत्येक कॅम दोन व्हॉल्व्ह चालवतो: इनलेट व्हॉल्व्ह त्याच्या थेट खाली, बादलीसारख्या टॅपेटमधून, आणि तोच कॅम पुढे फिरत जाऊन रॉकरच्या दांडीमार्फत पलीकडचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो. आठ कॅम, सोळा व्हॉल्व्ह. आमच्या प्रयोगशाळेत कापून ठेवलेल्या इंजिनासमोर उभे राहून मी हे खडूने काढून दाखवतो, तेव्हा मागच्या बाकावरचेही पुढे येतात.

अर्थात काहीच फुकट मिळत नाही. एकाच कॅमने दोन्ही कामे करायची म्हटल्यावर इनलेट आणि एक्झॉस्ट यांची उघडझाप स्वतंत्रपणे ठरवता येत नाही. एकाच्या सोयीचा आकार दुसऱ्याला पत्करावा लागतो. शर्यतीच्या इंजिनाला हे बंधन जाचले असते, पण रस्त्यावरच्या गाडीसाठी तडजोड उत्तम होती. किती उत्तम, हे तपासायला एक सोयीची तुलना उपलब्ध आहे. ट्रायम्फच्या टीआर ७ या गाडीत १९९८ घन सेंटिमीटरचेच, पण आठ व्हॉल्व्हचे इंजिन होते. त्याची शक्ती १०५ अश्वशक्ती. स्प्रिंटची १२७. म्हणजे तेवढ्याच सिलिंडरांतून सुमारे एकवीस टक्के अधिक, आणि त्यातला मोठा वाटा हेडचा. १९७४ मध्ये ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने या हेडला पुरस्कार दिला.

विद्यार्थी परीक्षेत बेधडक लिहितात की ही जगातील पहिली सोळा व्हॉल्व्हची मोटार. तसे लिहू नका. १९६९ च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये सहा सिलिंडरांना चोवीस व्हॉल्व्ह होते. १९७२ च्या जेन्सन-हीलीमध्ये लोटसचे सोळा व्हॉल्व्हचे इंजिन होते. स्प्रिंटचा मान वेगळा आहे: ठरावीक उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडेल अशा, नेहमीच्या यंत्ररांगेवर बनणाऱ्या चार दरवाजांच्या गाडीत तिने हे तंत्र आणले. 'पहिले' हा शब्द इतिहासात नेहमी कशातले पहिले, हे विचारून मगच वापरायचा असतो.

१३५ चे १२७ कसे झाले

या गाडीचे नाव मुळात स्प्रिंट नव्हतेच. ती डोलोमाइट १३५ म्हणून येणार होती, कारण १३५ अश्वशक्तीचे उद्दिष्ट होते. प्रायोगिक विभागात काळजीपूर्वक जुळवलेल्या इंजिनांनी दीडशेपर्यंत मजल मारली होती, असे या गाडीच्या इतिहासात सांगितले जाते. पण कारखान्याच्या रांगेवरून येणारी इंजिने १२५ ते १३० च्या दरम्यान घोटाळू लागली. मागच्या बाजूला १३५ लिहायचे आणि आत तेवढी शक्ती नाही, हे चालण्यासारखे नव्हते. ऐनवेळी नाव बदलले.

माझ्या मते या सबंध कथेतील सर्वांत बोलकी गोष्ट हीच. आपण यंत्रअभियांत्रिकीत आरेखन शिकवतो, आणि उत्पादन हा जणू नंतरचा, हलका विषय असतो. पण आरेखन कागदावर एकदाच बरोबर यावे लागते. उत्पादन रोज, प्रत्येक नगात बरोबर यावे लागते. ओतीव हेडमधील वायुमार्गाची भिंत थोडी सरकली, व्हॉल्व्हची बैठक थोडी खोल गेली, कॅम आणि टॅपेटमधील फट ठरवणारी चकती चुकीच्या जाडीची बसली, तर प्रत्येक चुकीला एखादी अश्वशक्ती जाते. प्रयोगशाळेतला कारागीर हे हाताने दुरुस्त करतो. रांगेवर त्याला वेळ नसतो.

हेड गॅस्केटची गोष्टही याच जातीची. या घराण्याच्या इंजिनांत ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे. तापल्यावर अॅल्युमिनियम लोखंडापेक्षा बरेच अधिक प्रसरण पावते, हे तुम्ही अकरावीतच शिकलात. त्यात हेड धरून ठेवणारे निम्मे स्टड तिरके बसवलेले, म्हणजे प्रसरणाचा काही ताण आडव्या दिशेने येणार. पाण्याचा पंप इंजिनाच्या वरच्या भागात. रेडिएटरमधील पाणी थोडे जरी कमी झाले तरी पंप हवा ओढू लागतो आणि अभिसरण थांबते. ओतकामानंतर साच्यातील वाळू आत राहिली असेल तर मार्ग आणखी तुंबतात. इंजिन तापते, हेड वाकते, गॅस्केट जाते. मेकॅनिक हेड उतरवायला जातो तेव्हा तिरके पोलादी स्टड अॅल्युमिनियमच्या भोकांत गंजून असे घट्ट बसलेले असतात की हेड हलतच नाही. याच कुळातील आठ सिलिंडरांच्या स्टॅग गाडीचे नाव तर तापण्यासाठीच झाले. जाहिरातीत हेड उतरवल्याचे अभिमानाने का लिहितात, ते आता कळले असेल. ते उतरले, हीच बातमी असते.

सात वर्षे

सुरुवात झकास होती. सुमारे १७४० पौंडांना मिळणारी ही गाडी ताशी ६० मैलांचा वेग साधारण साडेआठ-पावणेनऊ सेकंदांत गाठे, आणि पुढे ताशी ११५ मैलांपर्यंत, म्हणजे १८५ किलोमीटरपर्यंत जाई. तिची खरी प्रतिस्पर्धी बीएमडब्ल्यूची २००२ टीआयआय होती, आणि ती ब्रिटनमध्ये बरीच महाग पडे. अॅलॉय चाके स्प्रिंटला मूळचीच मिळत. त्या काळी ती चैन होती. अँडी राउझ यांनी १९७५ ची ब्रिटिश सलून मोटार स्पर्धा याच गाडीवर जिंकली.

पण वेळ पाहा. जून १९७३ मध्ये गाडी आली. ऑक्टोबरमध्ये पश्चिम आशियात युद्ध पेटले आणि तेलाचे भाव कडाडले. जानेवारी ते मार्च १९७४ या काळात विजेच्या टंचाईमुळे ब्रिटनमधील कारखान्यांना आठवड्याचे तीनच दिवस वीज मिळत होती. त्याच्या वर्षभर आधी ब्रिटन युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला होता, त्यामुळे जर्मन, फ्रेंच, इटालियन गाड्यांवरील जकात उतरत चालली होती. १९७५ मध्ये ब्रिटिश लेलँडची तिजोरी रिकामी झाली आणि सरकारला ती कंपनी ताब्यात घ्यावी लागली.

या पडझडीचे खापर बहुधा संपकरी कामगारांवर फोडले जाते. संप खूप होते, हे खरे. पण तेवढ्यावर थांबणारे उत्तर मी अर्धेच धरतो. १९७५ च्या रायडर समितीच्या अहवालाने जुनाट यंत्रसामग्री आणि वर्षानुवर्षे न झालेली गुंतवणूक यांवर बोट ठेवले होते. नफा झाला तेव्हा तो यंत्रांत पुरेसा परत गेला नाही. शिवाय समूहातल्या समूहात रोव्हर, ट्रायम्फ आणि जॅग्वार एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून होत्या. डोलोमाइटची जागा घेणारी नवी गाडी एसडी २ या नावाने आखली जात होती. पैसे नाहीत म्हणून तीही १९७५ मध्ये गुंडाळली गेली. मग १९६५ ची बॉडी १९८० पर्यंत ओढत नेण्याशिवाय गत्यंतर राहिले नाही. त्याच काळात, १९७५ मध्ये, बीएमडब्ल्यूने २००२ च्या जागी पहिली ३ सीरीज आणली आणि १९८३ पर्यंत तिच्या तेरा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या.

स्प्रिंट एकूण २२,९४१ बनल्या. सात वर्षांवर वाटल्या तर आठवड्याला साठ-पासष्ट. अख्ख्या ३ सीरीजशी एका मॉडेलची तुलना पूर्ण न्याय्य नाही हे मान्य, पण आकड्यांतील दरी तेवढ्याने बुजत नाही. पुढे होंडाने एकाच कॅमशाफ्टवर सोळा व्हॉल्व्ह चालवणारी इंजिने लाखांनी विकली. आपल्याकडच्या गाड्यांच्या मागे चिकटवलेले '१६ व्हॉल्व्ह' हे स्टिकर ज्या पिढीला आठवते, तिला त्याचा कॉव्हेंट्रीशी काही संबंध असेल असे कधी वाटलेही नसेल.

१९८० मध्ये कॅनली येथील कारखान्यात मोटारींची जुळणी थांबली. ट्रायम्फ हे नाव लागलेली शेवटची मोटार, अक्लेम, मुळात होंडाची होती. ती १९८४ मध्ये संपली. १९९४ मध्ये बीएमडब्ल्यूने रोव्हर समूह विकत घेतला, २००० मध्ये त्यातले बहुतेक विकून टाकले, पण ट्रायम्फ मोटारींचे नाव स्वतःकडे ठेवले. २००२ ची प्रतिस्पर्धी आज २००२ च्या मालकाच्या कपाटात आहे. जॅग्वार आणि लँड रोव्हर या तिच्या भावंडांना २००८ मध्ये टाटा मोटर्सने घेतले, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

मद्रासची शाखा

स्प्रिंट भारतात कधी बनली नाही. पण मद्रासमधील स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी याच घराण्याची. १९६१ पासून तिने स्टँडर्ड हेरल्ड बनवली. ती म्हणजे ट्रायम्फ हेरल्ड, आकार पुन्हा मिकेलॉत्तींचाच. हेरल्डची बॉडी एकसंध नव्हती. वेगळ्या चेसिसवर बोल्टने बसवलेल्या तुकड्यांची होती. १९५३ मध्ये बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी प्रतिस्पर्धी बीएमसीने विकत घेतली, आणि स्टँडर्डला अख्खी बॉडी ठोकून देणारा पुरवठादार उरला नाही. म्हणून तुकड्यांची रचना. इंग्लंडमधली ही नड मद्रासच्या पथ्यावर पडली, कारण सुटे भाग जोडून गाडी उभी करायला अशी रचना सोयीची. चार दरवाजांची हेरल्ड तर मद्रासनेच काढली. इंग्लंडमध्ये ती कधी निघाली नाही. तिचाच पुढचा अवतार गझेल, १९७२ चा.

नंतरचा अध्याय मात्र मनाला लागतो. १९८५ मध्ये याच कंपनीने स्टँडर्ड २००० आणली. बॉडी होती रोव्हर एसडी १ ची, जिच्या अभियांत्रिकीचे प्रमुख पुन्हा स्पेन किंगच होते आणि जिला १९७७ चा युरोपातील सर्वोत्तम मोटारीचा मान मिळाला होता. मूळ गाडीत साडेतीन लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिनही मिळे. मद्रासच्या गाडीत मात्र १९४० च्या दशकातील स्टँडर्ड व्हॅनगार्डच्या घराण्यातले १९९१ घन सेंटिमीटरचे इंजिन बसवले गेले, कारण ते येथे आधीपासून बनत होते. जवळपास तेवढ्याच सिलिंडर-क्षमतेतून कॉव्हेंट्रीने बारा वर्षांपूर्वी १२७ अश्वशक्ती काढली होती. आयातीवर बंधने, परकीय चलनाची चणचण, हाताशी असलेल्या यंत्रांतून काम भागवण्याची सक्ती. व्यवस्थापकांना मूर्ख ठरवणे सोपे आहे, पण त्यांच्यासमोर पर्याय थोडे होते. गाडी महाग, जड आणि मंद निघाली. १९८८ पर्यंत उत्पादन थांबले.

पुनर्बांधणी म्हणजे काय

आता पुन्हा जाहिरातीकडे. स्प्रिंटची बॉडी हेरल्डसारखी वेगळ्या चेसिसवर नाही. बॉडीच सांगाडा आहे. दरवाजाखालचा पोकळ पत्रा हा तिचा कणा. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, ते पाण्याबरोबर या पोकळीत शिरते आणि पत्रा आतून खाते. बाहेरून रंग चकचकीत, आत चाळण. म्हणून जुना पत्रा कापून नवा जोडावाच लागतो, आणि म्हणून छायाचित्रांची फाइल लागते: काय कापले आणि आत काय सापडले, याचा तो एकमेव पुरावा असतो.

पण जो पत्रा कापला त्याबरोबर इतिहासाचे साधनही गेले. कारखान्यातील वेल्डिंगचे टाके कसे होते, गंजविरोधी लेप आत पोचला होता की नाही, रंगाचा मूळ थर किती जाड होता; आधी सांगितलेल्या उत्पादन-गुणवत्तेच्या प्रश्नाचे उत्तर याच गोष्टींत होते. कारखान्यातून आलेल्या गाडीपेक्षा पुनर्बांधणी केलेली गाडी कित्येकदा अधिक चांगली बनवलेली असते. दारांच्या फटी सारख्या, गॅस्केट नीट, पाण्याचे मार्ग स्वच्छ. कदाचित ती १३५ अश्वशक्तीही देईल. मग ती १९७४ मधील स्प्रिंट आहे, की १९७४ मध्ये व्हायला हवी होती ती?

क्रमांकांचे महत्त्व येथे येते. स्प्रिंटच्या गाडीक्रमांकाची सुरुवात व्हीए या अक्षरांनी होते. ब्रिटनमधील गेडन येथील मोटार संग्रहालयात जुन्या कारखान्यांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, आणि मालकाला फी भरून आपल्या गाडीचा दाखला मिळतो: केव्हा बनली, मूळ रंग कोणता, इंजिनाचा क्रमांक काय. साध्या डोलोमाइटला स्प्रिंटचे इंजिन आणि पिवळा रंग देऊन जास्त भावाने खपवणारे असतातच. त्यांना पकडते ती वही. यंत्राचा इतिहास शेवटी कारकुनाच्या अक्षरावर उभा राहतो, हे मला फार आवडते.

आपल्याकडेही २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. त्यांना मिळणाऱ्या नोंदणी क्रमांकातही, योगायोगाने, व्हीए हीच अक्षरे असतात. मात्र वाहन मूळ स्वरूपात असावे, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे.

स्वाध्याय

तुमच्या गावात किंवा शहरात उभी असलेली एखादी जुनी गाडी निवडा: हेरल्ड, अॅम्बॅसेडर, पद्मिनी, काहीही. मालकाच्या परवानगीने तिची पाटी वाचा, नोंदणीचे कागद पाहा, आणि तिची देखभाल करणाऱ्या मेकॅनिकशी बोला. कोणते भाग मूळचे, कोणते बदललेले, कोणते स्थानिक लेथवर बनवून घेतले, याचा तक्ता करा. मग वरील नियमातील 'मूळ स्वरूप' या शब्दांच्या कसोटीवर ती गाडी उतरते का, यावर दोन पाने लिहा. मेकॅनिकने सांगितलेले त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या.